फास्ट केलं की कपाट चालायला लागतं: एका जुन्या लेस्लीची पूर्ण केस

मला ऑर्गन वाजवता येत नाही हे आधीच सांगतो. माझं काम गाड्यांचं, मिशिगनमध्ये, एनव्हीएच म्हणजे नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. गाडी कुठल्या स्पीडला का थरथरते ते शोधायचं आणि पगार घ्यायचा. त्यामुळे कलीगने जेव्हा विचारलं की माझे वडील चर्चमध्ये हॅमंड ऑर्गन वाजवतात, त्यांचा लेस्ली (म्हणजे ऑर्गनचा आवाज गोल फिरवणारा स्पीकर) खूप खडखडतोय, जरा बघतोस का, तेव्हा मी मोठ्या ऐटीत हो म्हणलो. एक फिरणारा हॉर्न, त्यात काय एवढं. पुढे तीन शनिवार गेले, त्यातला एक तर निव्वळ माझ्या मूर्खपणामुळे, आणि खरं तर तेच सांगायला हे लिहितोय.

ज्यांनी लेस्ली आतून बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या डॉन लेस्लीने १९४० च्या सुमारास ही कल्पना काढली, हॅमंड ऑर्गनचा आवाज घरात सपाट लागतो म्हणून स्पीकरचा आवाजच गोल फिरवायचा. लाकडी कपाट, वरच्या खणात काळ्या बेकलाइटचा दोन तोंडांचा कर्णा, खालच्या खणात लाकडी ड्रम. १५ इंची वूफर खाली तोंड करून त्या ड्रममध्ये आवाज सोडतो, ८०० हर्ट्झच्या वरचं सगळं वरच्या कर्ण्यातून बाहेर पडतं. दोघं एकमेकांच्या उलट दिशेला फिरतात. गंमत म्हणजे कर्ण्याची तोंडं दोन असली तरी आवाज एकातूनच येतो, दुसरं तोंड आतून बंद, ते फक्त वजन तोलायला ठेवलेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचा मॉडेल १२२, म्हणजे ४१ इंच उंचीचं मोठं कपाट, ट्यूबवाला अ‍ॅम्प. स्पीड दोन. स्लो म्हणजे कोराल, त्यात हॉर्न मिनिटाला ४८ च्या आसपास फेरे मारतो, आणि फास्ट म्हणजे ट्रेमोलो, तेव्हा साधारण ४००. ड्रम दोन्हीकडे थोडा मागे, ४० आणि ३४० धरा.

तक्रार त्यांच्या शब्दांत अशी होती: "स्लोला टिकटिक करतं, फास्टला कपाट चालायला लागतं, आणि मी काहीच वाजवत नसलो तरी घुमत राहतं." बघा, एका वाक्यात तीन तक्रारी आहेत. पण मी ऐकल्या एकच म्हणून, "खडखडतंय". तिथेच चुकलो. रोजच्या कामात कस्टमरने "आवाज येतो" म्हणलं तर मी पहिला प्रश्न विचारतो कुठला आवाज, कधी, कुठल्या स्पीडला, आणि इथे घरचं काम म्हणून तेवढंही केलं नाही.

पहिल्या शनिवारी जाऊन बघितलं. कपाट स्टेजवर, स्टेज पोकळ लाकडी, फास्टचा स्विच टाकला की वॉशिंग मशीन ड्रायरला लागल्यावर हलतं तसं हलायला लागलं, मागचं झाकण कडकड वाजायला लागलं, बाजूच्या स्टँडवरचे कागद थरथरायला लागले. आता ४०० फेरे म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ फेरे, ६.७ हर्ट्झ कानाला ऐकूच येत नाही. म्हणजे जो खडखडाट ऐकू येत होता तो हॉर्नचा नव्हताच, हॉर्नच्या हादऱ्याने बाकीच्या सैल वस्तू एकमेकांवर आपटत होत्या त्याचा होता. मागच्या झाकणाचे अर्धे स्क्रू गायब होते, ते लावले आणि चौघांनी मिळून कपाट स्टेजवरून खाली सिमेंटच्या फ्लोअरवर घेतलं (एकट्याने हलवायचं धाडस करू नका, चांगलंच जड आहे). आवाज अर्ध्याने कमी! लोक खूष झाले, मी मात्र हात लावून बघितलं तर कपाट थरथरतच होतं. लक्षण दाबलं गेलं, रोग तसाच.

मग थोडं डोकं वापरलं. स्लोवरून फास्ट केलं की हॉर्न हलका असल्यामुळे सेकंदा-दीड सेकंदात वेग घेतो, लाकडी ड्रम जड, त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे स्विच टाकल्या टाकल्या थरथर सुरू झाली तर संशय हॉर्नवर, हळूहळू चढत गेली तर ड्रमवर. काही उघडायची गरज नाही, कपाटावर हात ठेवायचा आणि मनात आकडे मोजायचे. इथे थरथर लगेच आली, पण सात-आठ सेकंदांनी तिला लाटा यायला लागल्या, सेकंदाला एक, कमी-जास्त कमी-जास्त. हे कळल्यावर मला फारच आनंद झाला कारण हिशोब एकदम जुळतो: हॉर्न ४००, ड्रम ३४०, फरक मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला एक बीट. दोन तबले किंचित वेगळ्या सुरात लावले की जशी लाट ऐकू येते तेच, फक्त हाताला. याचा अर्थ दोघंही दोषी, हॉर्न जास्त, ड्रम थोडा. ड्रमला मोटरशी जोडणारा बेल्ट काढला तर लाट गेली, मुख्य थरथर राहिली. ठरलं, हॉर्न अनबॅलन्स आहे.

हॉर्नकडे नीट बघितल्यावर कारणही दिसलं. दोन्ही तोंडांत मूळचे छोटे शंकूसारखे डिफ्लेक्टर असतात, आवाज पसरवायला. आवाज जास्त टोकदार हवा म्हणून कोणीतरी कधीतरी चालू तोंडातला डिफ्लेक्टर काढून टाकलेला, बंद तोंडातला तसाच ठेवला, का तर त्यातून आवाज येत नाही मग कशाला काढा. शिवाय बंद तोंडाची कड कधीतरी तडकलेली, ती इपॉक्सीचा हा एवढा गोळा थापून चिकटवलेली. म्हणजे एका बाजूचं वजन कमी केलं आणि दुसऱ्या बाजूचं वाढवलं. ज्याने केलं त्याचं नाव कोणाला आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

किती फरक पडतो? समजा ५ ग्रॅम जास्तीचं वजन मधल्या अक्षापासून सात इंचांवर, म्हणजे १८ सेंटीमीटरवर आहे. ४०० फेऱ्यांना ते बाहेर ओढतं दीड न्यूटनपेक्षा थोडं जास्त, म्हणजे १६० ग्रॅम वजन लटकवल्यासारखं, आणि ही ओढ सेकंदाला जवळजवळ सात वेळा दिशा फिरवते. तेच वजन स्लोला, ४८ फेऱ्यांना, सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच ओढतं. वेग ८ पट वाढला की ओढ वाढते वर्गाच्या हिशोबाने, जवळजवळ ७० पट. म्हणून स्लोला कपाट एकदम शांत साधू आणि फास्टला अंगात आल्यासारखं.

इथे अनेकजण एक चाचणी सांगतात, बेल्ट काढा, हॉर्न हलकेच फिरवा, जड बाजू कुठे थांबते बघा. सायकलचं चाक उलटं करून फिरवलं की व्हॉल्व्हची बाजू खाली येऊन थांबते, बरोबर. पण लेस्लीचा हॉर्न सायकलच्या चाकासारखा उभा फिरत नाही, जात्यासारखा आडवा फिरतो. जात्याच्या वरच्या तळीची एक बाजू किलोभर जड असली तरी ती कुठेही थांबेल, गुरुत्वाकर्षणाला तिथे बोलायला जागाच नाही. कपाटात बसवलेल्या हॉर्नवर ही चाचणी बिनकामाची, कुठेतरी थांबलाच तर तो बेअरिंगच्या घर्षणामुळे किंवा कपाट कललंय म्हणून, आणि तुम्ही चुकीच्या बाजूला वजन लावून बसाल. हॉर्न काढून अक्ष आडवा धरून बघता येतं, पण मी फिरतानाच मोजायचं ठरवलं. फोनमधल्या सेन्सरने थरथर मोजणारं एक फुकट अ‍ॅप, फोन कपाटाच्या वरच्या कडेला टेपने घट्ट चिकटवला, आणि वजनं म्हणून अमेरिकन नाणी. निकेल बरोब्बर ५ ग्रॅमचा असतो आणि १९८२ नंतरचा पेनी २.५ ग्रॅमचा, सरकारने फुकटात वजनांचा संच दिलाय म्हणा ना.

आणि इथून माझा वाया गेलेला शनिवार सुरू होतो.

निकेल चालू तोंडाला चिकटवला, फास्ट केलं, आकडा उतरला. दुसरा लावला, आकडा वाढला. बरं, एक काढला, तर आकडा मघाशी एका निकेलला होता तो नाही, तिसराच. बंद करून पुन्हा चालू केलं, आणखी वेगळा. चार तास हे चाललं होतं. मधेच एक पेनी टेप सोडून सुटला आणि आत ठणकन आपटला, सगळे दचकले (४०० फेऱ्यांना त्या नाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ३२ पट ओढ असते, साधी सेलोटेप कशी टिकणार, कापडी टेपच लावा, आणि आपला चेहरा फिरणाऱ्या हॉर्नच्या पातळीत नेऊ नका). शेवटी कंटाळून घरी आलो. बायको म्हणाली, तू ऑफिसमध्ये असं आलं तर काय म्हणतोस? मी म्हणलो, रीडिंग रिपीट होत नसेल तर काहीतरी ढिलं आहे. म्हणलो आणि डोक्यावर हात मारून घेतला.

हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं गणित आहे. अनबॅलन्स हा फार प्रामाणिक दोष, तोच वेग, तेच वजन, तर तीच थरथर, शंभर वेळा चालवा. रीडिंग दर वेळी बदलत असेल तर फिरणारी वस्तू दर वेळी वेगळ्या जागी बसतेय, आणि अशा वेळी बॅलन्स करणं म्हणजे होडीत बसून तराजू धरण्यासारखं. आधी ढिलाई काढायची, मगच वजनाला हात लावायचा.

तिसऱ्या शनिवारी सगळं बंद करून, प्लग काढून (अ‍ॅम्पमध्ये काही शे व्होल्ट असतात, प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये उरतात, अ‍ॅम्पच्या पोटात हात घालू नका, आपलं काम वरच्या खणात आहे) हॉर्न हाताने धरला आणि फिरवण्याऐवजी हलवून बघितला. वरचं टोक आडव्या पट्टीतल्या बेअरिंगमध्ये बसतं आणि ते बेअरिंग रबरी बुशात, म्हणजे त्याच्याभोवतीच्या रबराच्या कडीत. बुश बोटाने दाबला तर चुरा हातात आला! पन्नासेक वर्षांचं रबर, त्याचा रवा झालेला. म्हणजे हॉर्न भोवऱ्यासारखा डुलत होता, दर वेळी थोडा वेगळा. खालचं थ्रस्ट बेअरिंग, ज्यावर हॉर्नचं सगळं वजन पेलतं, तेही काढून बघितलं, गोळ्या ठीक होत्या पण फेल्टचा वॉशर तेल आणि धुळीने डांबरासारखा झालेला. साफ केलं, फेल्ट नवीन, बुश नवीन. बेल्टही कोणीतरी गिरणीच्या पट्ट्यासारखा ताणून ठेवलेला, त्याने हॉर्न एका बाजूला ओढला जात होता आणि बेअरिंग एकाच बाजूने झिजत होतं, तो ढिला केला. बेल्ट घसरणार नाही इतपत ताण पुरतो, सुरू होताना क्षणभर घसरला तरी चालतं.

आता पुन्हा नाणी. अ‍ॅपचे आकडे कुठल्या एककात ते सोडा, तुलना महत्त्वाची. काही न लावता ३०. चालू तोंडावर एक निकेल, १७. दोन निकेल, ६. तीन निकेल, १०. आणि प्रत्येक रीडिंग दोनदा घेतलं, दोन्हीदा तेच. जी गोष्ट आदल्या वेळी चार तासांत नाही झाली ती वीस मिनिटांत! आकडे जवळजवळ सरळ रेषेत उतरतात, तळ ११-१२ ग्रॅमच्या आसपास येतो, आणि शून्य होत नाही कारण थोडा अनबॅलन्स काटकोनातही असणार, त्याला दोन तोंडांच्या रेषेत वजन लावून काही होत नाही.

पण निकेल चिकटवून ठेवणं हा काही उपाय नाही. बरोबर उपाय म्हणजे चालू तोंडात डिफ्लेक्टर परत बसवणं किंवा बंद तोंडातलाही काढून टाकणं. हे ठरवायचा हक्क माझा नाही, वाजवणाऱ्याचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला आवाज आहे तसाच पाहिजे, पंचवीस वर्षं हाच ऐकतोय." मग बंद तोंडातला काढला, इपॉक्सीचा गोळा सँडपेपरने घासून निम्मा केला, तडक पुन्हा उघडणार नाही इतपत ठेवून. पुन्हा मोजलं, ७. चालू बाजूला एक पेनी लावला, ५. तिथे थांबलो. डिफ्लेक्टर काढायचा तर दोन्हीकडचा काढा एवढं जरी कोणी तेव्हा पाळलं असतं तरी निम्मं काम वाचलं असतं.

राहिली टिकटिक आणि घुमणं.

टिकटिक फक्त स्लोला. हॉर्नचा एक फेरा सव्वा सेकंदाचा आणि तेवढ्यात टिकटिक बरेचदा व्हायची, म्हणजे दोष हॉर्नवर नाही, त्याच्यापेक्षा जोरात फिरणाऱ्या कशावर तरी, म्हणजे मोटरवर. लेस्लीत प्रत्येक मजल्याला दोन मोटरी एकमेकींना जोडलेल्या असतात. फास्टवाली थेट पुली फिरवते. स्लोवालीला करंट मिळाला की तिचा आतला रोटर चुंबकाने खेचला जातो, शाफ्टचं टोक सरकतं आणि फास्ट मोटरच्या शाफ्टवर बसवलेल्या रबरी कड असलेल्या चाकाला टेकून ते चाक हळू फिरवतं. करंट गेला की स्प्रिंग तिला मागे ढकलते. फार हुशार रचना, पण तेल सुकून शाफ्ट अडकला की तो टेकलेलाच राहतो आणि महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून रबराला खड्डा पडतो. आमच्याकडे तेच. प्रत्येक फेऱ्याला खड्डा आला की टिक. रबर नवीन घातलं, शाफ्ट साफ केला, मोटरच्या बेअरिंगला हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका, तो उरलंसुरलं तेल धुऊन नेतो आणि आठवड्याने कोरडाठाक. आणि तेलाचा एक थेंबही त्या रबराला लागता कामा नये, नाहीतर स्लो घसरेल आणि वाटेल मोटरच गेली.

घुमण्याने मात्र मला थोडं फसवलं. १२० हर्ट्झचा घूं आवाज, फोनवर स्पष्ट दिसला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, मोटरचं लोखंड दुप्पट वेगाने थरथरतं म्हणून १२०. पण ट्यूब अ‍ॅम्पचा फिल्टर कॅपॅसिटर म्हातारा झाला की स्पीकरमधून येणारा हमही १२०च! आकड्याने वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून सोपं केलं, वीज बंद करून दोन्ही मजल्यांच्या मोटरींचे प्लग अ‍ॅम्पवरून काढले आणि परत चालू केलं. घूं पूर्ण बंद, वूफरला कान लावला तर अगदी बारीक सळसळ. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, नाहीतर मी उगाच कॅपॅसिटर मागवून बसलो असतो. मग वरच्या मोटरचा प्लग लावला, घूं परत आला, खालचा लावला, किंचित वाढला. मोटरी ज्या रबरी ग्रोमेटवर बसवलेल्या असतात ती रबरं दगड झालेली, मोटर जणू थेट लाकडावर स्क्रू मारून बसवलेली, आणि कपाट म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच, सगळं मोठं करून ऐकवणार. नवीन मऊ ग्रोमेट घातली. स्क्रू पिळून घट्ट करायचा मोह होतो, तो करू नका, रबर दाबून चपटं केलं की ते पुन्हा दगडच.

ड्रमचं जास्त काही केलं नाही. भोवतीचं कापड एका शिवणीला सुटून फास्टला फडफडत होतं, ते चिकटवलं, तेवढ्यानेच सेकंदाची लाट जवळजवळ दिसेनाशी झाली.

भारतात कोणाकडे अमेरिकन लेस्ली असेल तर एक गोष्ट. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज ११७ करता येतं, पण वीज ५० हर्ट्झचीच राहते, त्यामुळे मोटरी सहाव्या हिश्श्याने हळू चालतात, ४०० च्या जागी ३३३. आणि त्या वेगाला अनबॅलन्सची ओढ ७० टक्क्यांच्या खाली येते, म्हणजे बिघडलेला हॉर्नही बरा वाटतो. पुढे ५० हर्ट्झवाली मोठी पुली बसवून वेग बरोबर केला की एकदम थरथर सुरू होते आणि दोष नवीन पुलीला लागतो. पुली बिचारी निर्दोष. आणि हो, घूं तुमच्याकडे १०० हर्ट्झला दिसेल.

नंतरच्या रविवारी गेलो होतो. कपाट परत स्टेजवर चढवलेलं, कारण खालून कोरसला ऐकू येत नाही म्हणे, पण आता प्रत्येक कोपऱ्याखाली जाड रबराचा तुकडा. फास्टला हॉर्नचा वाऱ्यासारखा फुस्स आवाज अजून येतो, तो येणारच, हॉर्नचं टोक सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने हवा कापतं, कोणी तो घालवून देतो म्हणलं तर पैसे देऊ नका. आजोबांनी, म्हणजे कलीगच्या वडिलांनी, वाजवून झाल्यावर मला बोलावलं आणि म्हणाले, सगळं छान आहे, पण आता माझ्या बाकाची करकर ऐकू येते, ती आधी नव्हती. ती आधीही होती. पुढच्या शनिवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचंय, आणि ड्रमचं खालचं बेअरिंग उन्हाळ्यात कपाट रिकामं मिळेल तेव्हा.